रुसलेली फटफटी

मनुष्याची पारख कोठे करावी, याविषयी आपल्या सुभाषितकारांनी पुष्कळ सांगून ठेवले आहे. मित्राची परीक्षा संकटात होते, शूराची रणांगणावर, आणि दात्याची याचक दारी उभा राहिला म्हणजे. त्यांच्या काळी फटफटी नव्हती. नाहीतर त्यांनी आणखी एक चरण खात्रीने जोडला असता. सकाळी साडेनवाच्या सुमारास, कचेरीचा इस्त्रीचा पोशाख अंगावर चढवून, सुरू न होणाऱ्या फटफटीपाशी उभा असलेला गृहस्थ ज्याने पाहिला, त्याला त्या गृहस्थाविषयी निराळी चौकशी करावी लागत नाही.

विशेषतः तो गृहस्थ सरकारी अधिकारी असेल तर. आम्हां नोकरपेशाच्या माणसांना कागदाने काम होते असे पाहण्याची सवय असते. म्हणून पहिली किक ही आमची विनंती असते. दुसरी स्मरणपत्र. पाचव्या किकेवर 'तातडीचे' असा लाल शेरा असतो, आणि दहावी म्हणजे कारणे दाखवा नोटीस. त्यानंतर आम्ही इकडे तिकडे पाहतो. शेजारच्या गॅलरीतून कोणी आपल्याला न्याहाळीत आहे की काय, ही चिंता तोवर कचेरीच्या चिंतेहून मोठी झालेली असते. फटफटीला मात्र आमची वेतनश्रेणी ठाऊक नसते. शिपायाच्या पायाने जी सुरू होत नाही, ती साहेबाच्या पायानेही होत नाही.

वास्तविक तिचे मागणे फार थोडे असते. पेट्रोल हवे, हवा हवी, आणि नेमक्या क्षणी एक ठिणगी हवी. पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे पंधरा भाग हवा, असे मिश्रण दट्ट्याने दाबून घट्ट केले आणि ठिणगी पडली, की यंत्राला न पेटण्याचा अधिकारच उरत नाही. ती सुरू होत नाही याचा अर्थ या तीनचार गोष्टींपैकी एखादी उणी आहे. ती हट्टी नाही, कृतघ्न नाही, आणि आपल्या पत्रिकेतील शनीशी तिचा काही संबंध नाही. तरीही आपण तिला 'रुसली' म्हणतो आणि रुसलेल्याशी करू नये ते सर्व करतो, म्हणजे लाथा मारीत राहतो.

आमच्या घरी जी फटफटी होती, ती ३५० ची बुलेट. वडिलांनी १९७४ साली पुण्यात घेतलेली. वडील पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर. कालव्याच्या कडेने धुळीतून, चिखलातून त्यांची सारी हयात या गाडीवर गेली. त्यांच्या पश्चात ती आमच्याकडे आली, आणि २०१३ साली आमची बदली चेन्नईला झाली तेव्हा घरात वाद झाला: ही न्यायची की विकायची? रेल्वेच्या पार्सलात घालून आम्ही ती नेली. बदलीने आम्ही परमुलखात गेलो, हे खरे. परंतु फटफटीच्या बाजूने पाहिले तर ती चाळीस वर्षांनी माहेरी चालली होती.

कारण बुलेट जन्मली इंग्लंडात असली तरी वाढली मद्रासेत. रॉयल एनफील्डचे मूळ घर रेडिच या गावी. तेथून पहिली मोटारसायकल १९०१ साली बाहेर पडली, आणि 'बुलेट' हे नाव १९३२ साली आले. स्वातंत्र्यानंतर भारत सरकारने आपल्या सैन्यासाठी व पोलिसांसाठी ही गाडी पसंत केली, आणि १९५५ साली मद्रास मोटर्सने रेडिचच्या मंडळींशी भागी करून 'एनफील्ड इंडिया' ही कंपनी स्थापली. तिचा कारखाना उत्तर मद्रासेत, समुद्रकाठच्या तिरुवोट्टियूरला उभा राहिला. प्रारंभी विलायतेहून सुटे भाग यायचे व येथे जोडणी व्हायची. पुढे एकेक करून सगळे भाग येथेच होऊ लागले. इकडे हे चालू असता तिकडे मूळ घराला घरघर लागली, आणि १९७० च्या सुमारास विलायतेतील उत्पादन थांबले. जन्मघर मोडले, पण ज्या गावी ती दिली होती तेथे तिचा संसार भरभराटीस आला. इतका, की १९७७ पासून मद्रासची बुलेट इंग्लंडला निर्यात होऊ लागली. परमुलखात राहून आपल्या गावाची आठवण काढीत बसणाऱ्या आम्हां मंडळींनी हा इतिहास एकदा तरी वाचावा, असे आम्हांला वाटते.

या जुन्या बुलेटला किक मारणे हा पायाच्या जोराचा भाग नव्हता, तो एक विधी होता. आजच्या गाड्यांना बटण असते. अंगठा टेकवला की काम होते, आणि न झाल्यास दोष कोठे आहे हे संगणक सांगतो. आमच्या वडिलांच्या गाडीला संगणक नव्हता. पुढच्या दिव्याच्या वरच्या पत्र्यात बसवलेला अॅमीटरचा एक लहानसा काटा होता, आणि सारे गुपित त्या काट्यापाशी होते. किल्ली फिरवावी आणि किक हलकेच दाबीत जावी. पॉइंट मिटलेले असतात तोवर वीज वाहत असते आणि काटा एका बाजूस कललेला असतो. दट्ट्या दाबाच्या शिखराजवळ आला की पॉइंट उघडतात आणि काटा मध्यावर येतो. तेथे थांबावे. मग मुठीजवळचा डीकॉम्प्रेसरचा खटका दाबून किक जरा पुढे सरकवावी, खटका सोडावा, किक पुन्हा वर येऊ द्यावी; आणि त्यानंतर एकच किक, शांतपणे, थेट तळापर्यंत. ज्याने हा क्रम मोडला त्याला गाडी कधीकधी उलटी किक मारी, आणि तो आठवडाभर लंगडत चाले. आमच्या वडिलांना आम्ही घाईने किक मारताना कधीच पाहिले नाही. जन्मभर त्यांनी आम्हांला उपदेश असा केलाच नाही. काट्याकडे पाहत थांबलेली त्यांची मान एवढाच काय तो उपदेश.

चेन्नईची हवा यंत्रांना मानवणारी नाही. समुद्रावरून येणारा खारा वारा पत्र्याला आणि तारांच्या टोकांना खातो. आपल्याकडे दसरा झाला की पावसाळा संपला म्हणून निर्धास्त व्हावे, तर तेथे ऑक्टोबरपासून ईशान्येचा पाऊस सुरू होतो आणि डिसेंबरपर्यंत राहतो. २०१५ सालचा तो पाऊस तर चेन्नई विसरणार नाही. नोव्हेंबरभर पडून जमिनी तुडुंब झाल्या होत्या. त्यावर १ डिसेंबरला आणि त्या रात्री जे कोसळले ते एकट्या ताम्बरमला एका दिवसात ४९ सेंटिमीटर भरले. चेम्बरम्बाक्कम तलावातून पाणी सोडावे लागले आणि अडयार नदी दोन्ही तीरांवरून वस्तीत शिरली. विमानतळ पाण्याखाली गेला. १८७८ साली निघालेले 'द हिंदू' हे वृत्तपत्र २ डिसेंबरला छापले गेले नाही. आम्ही सैदापेटला पहिल्या मजल्यावर राहत होतो. खाली उभी असलेली फटफटी आमच्या डोळ्यांदेखत बुडत गेली. आधी चाके, मग यंत्र, मग टाकी. शेवटी हँडलची दोन टोके वर राहिली. एखाद्या बुडत्या जनावराची शिंगे दिसावीत तशी.

पाणी ओसरले त्या सकाळी आमच्या गल्लीत एक विलक्षण आवाज भरून राहिला होता. घराघरापुढे माणसे किका मारीत होती. यंत्रांतून खोकल्यासारखा एक कोरडा शब्द येई आणि विरे. माणसांचे धान्य गेले होते, गाद्या गेल्या होत्या, कागदपत्रे गेली होती. आणि प्रत्येक जण प्रथम धावला होता तो आपल्या गाडीकडे, जणू ती सुरू झाली म्हणजे बाकीचेही सुरू होणार होते. लेखापरीक्षा खात्यातील आमचे एक स्नेही घामाघूम होऊन आपल्या स्कूटरशी झुंजत होते. "वीस वर्षांत एकही आक्षेप नाही हो हिच्याविरुद्ध!" असे ते आम्हांला कळवळून म्हणाले.

वस्तुतः बुडालेल्या गाडीला किक मारणे यासारखा घातक उपाय नाही. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरात पाणी असताना जोराने दट्ट्या वर रेटला, तर वाट न सापडलेला तो जोर कोठेतरी निघतो आणि आतील दांडा वाकवून जातो. आम्ही किल्लीही लावली नाही. गाडी ढकलीत गल्लीच्या टोकाच्या मेकॅनिककडे नेली. त्याचे दुकान म्हणजे एका कडुलिंबाखाली ताडपत्री बांधलेली जागा. त्याच्यापुढे अगोदरच वीसपंचवीस गाड्या चिखलाने माखून उभ्या होत्या. वय साठीच्या घरात, कपाळावर विभूती, बोलणे मोजके. सारी गल्ली त्याला 'अण्णा' म्हणे. हा शब्द तमिळ आहे की मराठी, असा प्रश्न आमच्या मनात तोवर कधी आला नव्हता.

त्याने बुलेटभोवती एक फेरी घातली, टाकीवरील चिखल अंगठ्याने पुसला आणि म्हणाला, "इदु नम्म ऊरु वंडी, सार." ही आमच्या गावची गाडी आहे, साहेब. मग रांगेकडे बोट दाखवून, "कोंजम पोरुंग." जरा थांबा. या दोन वाक्यांतील पहिल्याने आम्हांला जो धीर आला त्याच्या बळावर दुसऱ्याचे आठ दिवस निघाले.

नवव्या दिवशी आमची पाळी आली. कचेरीतून परतताना आम्ही त्याच्यापाशी एका उपड्या पेटीवर बसू लागलो. त्याचे काम पाहणे हे एक शिक्षण होते. त्याने प्रथम प्लग काढला आणि मोकळ्या छिद्राने हळूहळू किक दाबली. आतून तांबडे पाणी पिचकारीसारखे उडाले. तेल काढले, ते दूध घातलेल्या फिल्टर कापीच्या रंगाचे. नवे तेल घालून यंत्र फिरवले, तेही काढून टाकले आणि पुन्हा नवे घातले. टाकीतील पेट्रोल काचेच्या बाटलीत ओतून उन्हात धरले. खाली पाणी आणि वर पेट्रोल, मधे वहीवर आखावी तशी रेघ. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते, आणि इथेनॉलचे मन पेट्रोलपेक्षा पाण्याकडे अधिक. पाणी शिरले की ते त्याच्याबरोबर तळाशी जाऊन बसते. उसापासूनही हे इथेनॉल निघते, तेव्हा चेन्नईतल्या एखाद्या टाकीत आमच्या कृष्णाकाठचा ऊस असा फितूर होत असेल काय, असा विचार हल्ली आमच्या मनात येतो. असो. कार्ब्युरेटर उघडून अण्णाने त्यातील गाळ धुतला, बारीक छिद्रांतून फुंकर घातली, पॉइंट पॉलिश पेपरने घासले, आणि सारे भाग फडक्यावर मांडून दोन दिवस उन्हात वाळवले.

इतके होऊनही गाडी सुरू झाली नाही.

खरी विद्या आम्हांला दिसली ती येथून पुढे. आम्ही अधीर होऊन तीन उपाय सुचवले. त्याने त्यातला एकही ऐकला नाही आणि चौथाही स्वतः होऊन केला नाही. तो नुसता बसला, विडी ओढली, आणि मग प्लग काढून सिलिंडरच्या डोक्यावर टेकवला, आपल्या अंगाची सावली करून किक मारली. ठिणगी पडली, पण पिवळी, मरतुकडी. "करंट वीक, सार." म्हणजे पेट्रोलचा प्रश्न मिटला, हवेचा मिटला, राहिला विजेचा. आता विजेच्या वाटेवर किल्लीपासून प्लगपर्यंत एकेक मुक्काम. किल्ली ठीक. तार ठीक. कॉइल ठीक. पॉइंटापाशी आला तेव्हा तेथे मात्र ठिणग्या भरपूर, नको तितक्या. प्लगवर पडायची ती आग वाटेतच सांडत होती. त्याने मान हलवली आणि करंगळीएवढी एक धातूची डबी काढून आमच्या तळहातावर ठेवली. कंडेन्सर. पॉइंट उघडताना वीज तेथे उडून वाया जाऊ नये म्हणून तिला क्षणभर सामावून घेणारी ही चिमुकली वस्तू पाण्याने मेली होती.

एका वेळी एकच प्रश्न विचारायचा, त्याचे उत्तर पुरते मिळेपर्यंत दुसरा विचारायचा नाही, आणि दोन गोष्टी एकदम बदलायच्या नाहीत, कारण मग गाडी सुरू झाली तरी कशाने सुरू झाली हे कळत नाही: एवढेच त्याचे शास्त्र. आमच्या कचेऱ्यांतून जाडजूड नस्त्या फिरतात, चौकशी समित्या बसतात, पण इतकी स्वच्छ चौकशी आम्ही नोकरीत क्वचितच पाहिली. आणि घरात तर मुळीच नाही. मूल अभ्यासाला बसेनासे होते, हाताखालचा जुना कारकून एकाएकी काम टाकू लागतो, एखादा मित्र बोलेनासा होतो. आपण काय करतो? किक मारतो. अधिक जोराने मारतो. त्याच्यात काय उणे पडले आहे, ते पाहण्यासाठी उकिडवे बसायला आपल्या पाटलोणीची इस्त्री आड येते.

कंडेन्सर आणायला आम्ही अण्णा सालईजवळच्या जनरल पॅटर्स रोडवर गेलो. वाहनांच्या सुट्या भागांची दुकाने तेथे ओळीने आहेत, आणि जुन्या गाड्यांचे मोडके अवशेष हवे असतील तर कूवम नदीकाठचे पुदुपेट आहे. त्या दिवसांत दोन्हीकडे जत्रा लोटली होती. एका स्नेह्यांनी सुचवलेही, की ही डबडी पुदुपेटला देऊन टाका आणि नवी घ्या. हिशेबाने ते चुकीचे नव्हते. आम्ही कंडेन्सर घेऊन परतलो. दुकानदाराशी आमचे बोलणे ज्या शब्दांत झाले ते असे: कंडेन्सर, पॉइंट, प्लग, करंट, बुलेट. साताऱ्याच्या गॅरेजात हेच शब्द चालतात. दोन वर्षे तमिळ न येण्याचा आम्हांला जो संकोच होता, तो त्या गल्लीत गळून पडला. आणि अण्णा वरचेवर जे 'परवायिल्लै' म्हणे, त्यात आपलीच 'पर्वा' आहे आणि 'इल्लै' म्हणजे 'नाही', हेही त्याच आठवड्यात उमगले. पर्वा नाही. तो शब्द आम्ही दोन वर्षे कानांवरून जाऊ देत होतो.

बदली होऊन आलेला मनुष्यही महिनोन्महिने चालू होत नाही, हे आमच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. घर मिळते, शाळा मिळते, गव्हाचे पीठ मिळते, तरी काही पेटत नाही. तो गावाला दोष देतो, भाषेला देतो, सांबाराला देतो. तंजावरला १६७० च्या दशकात जे मराठे उतरले त्यांनाही प्रारंभी असेच झाले असेल. पण १८५५ साली राज्य गेल्यावरही त्यांचे वंशज तेथेच राहिले, आणि त्यांच्या घरांतून तमिळ वळणाची मराठी आजही बोलली जाते. बुलेटचेही तेच. दोघांनी मूळ सोडले नाही, आणि नव्या जमिनीचे पाणी घ्यायला लाजलेही नाहीत. आमच्यात उणे काय होते ते आम्हांला कडुलिंबाखालच्या पेटीवर कळले. त्या गावात आम्ही सर्वांना हुकूम दिले होते, सर्वांना पैसे दिले होते. पण आपली जीव लावलेली एखादी वस्तू विश्वासाने कोणाच्या हातात दिली नव्हती.

कंडेन्सर बसला. या वेळी ठिणगी निळी पडली आणि तिचा टिचकीसारखा आवाजही ऐकू आला. अण्णाने प्लग घट्ट केला, पेट्रोलचा कॉक उघडला, हात पुसले, आणि स्वतः किक न मारता बाजूला झाला. "नींग अडिंग, सार." तुम्ही मारा. त्याला आमच्या वडिलांविषयी काही ठाऊक नव्हते. आम्ही कधी सांगितले नव्हते. आम्ही किल्ली फिरवली. किक हलकेच दाबीत नेली. चिखलाने धुरकटलेल्या काचेआड काटा कललेला दिसला, आणि मग मध्यावर आला. आम्ही तेथे थांबलो. जरुरीपेक्षा थोडे जास्तच थांबलो. पहिली किक फुकट गेली. "परवायिल्लै," अण्णा म्हणाला. दुसऱ्या किकेला ती बोलली. नळीतून पांढऱ्या वाफेचा लोट निघाला, आणि तो संथ, दमदार ठोका त्या ओल्या गल्लीत पसरला. रांगेत उभी असलेली माणसे आपापल्या गाड्या सोडून पाहायला आली. कोणी काही बोलले नाही. अण्णा तोवर पुढच्या गाडीपाशी बसलाही होता.

२०१८ साली आमच्या पुढच्या बदलीचा हुकूम आला. गाडी रेल्वेत घालायची तर टाकी रिकामी करावी लागते. ते काम अण्णाच्याच हातून करवून घेतले. त्याने पेट्रोलचा शेवटचा थेंब बाटलीत उतरवला, बाटली सवयीने उन्हात धरून पाहिली, आणि एक जास्तीचा कंडेन्सर कागदात गुंडाळून आमच्या खिशात घातला. पैसे देऊ केले तर हाताने नको म्हणाला. नव्या गावी घर, दूधवाला, शाळा यांची यादी आमच्या टेबलावर तयार होती. त्या रात्री आम्ही तिच्या शिरोभागी एक ओळ वाढवली: मेकॅनिक.